जावईबापूंसाठी थांबलेली बस

आधीच सांगून ठेवतो, मी वाईट माणूस नाही. म्हणजे असं माझं म्हणणं. ते ठरवणारा मी कोण, हा भाग वेगळा.

कॉलेजची चार नंबरची बस मी एकोणीस वर्षं चालवतोय. एकोणीस वर्षांत एकही अपघात नाही आणि एकाही पोराला मागे टाकून गेलो नाही. कोणी धावत येताना आरशात दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बाकीचे ड्रायव्हर दात काढतात, "मामांची बस म्हणजे धर्मशाळा, कधीही या," म्हणतात. हसा म्हणावं लेकांनो. तुमच्या बसमध्ये पोरं नुसती बसतात, माझ्या बसमध्ये मला मामा म्हणतात.

नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, थांबे राहतात. कोण कुठे उतरतं त्यावरून मी पोरं ओळखतो. पुलाजवळ उतरते ती पूलवाली. दवाखान्यापाशी दोघे भाऊ उतरतात, ते डॉक्टरमंडळी, शिकतात कॉमर्स. आणि पाण्याच्या टाकीपाशी उतरते ती टाकीवाली.

ही टाकीवाली तिसऱ्या वर्षाला, सायन्सला. आईवडील दुसऱ्या गावी, इथे मावशीकडे राहून शिकत होती. भारी बडबडी पोर. बसमध्ये चढायच्या आधीच तिचं सुरू, "मामा, रेडिओ लावा ना! मामा, आज प्रॅक्टिकलला नळीच फुटली माझ्या हातून!" मीही काही कमी नाही. मी म्हणायचो, "फोडा, फोडा, तुमच्या बाबांचंच कॉलेज आहे!" असं आमचं चालायचं.

सहामाही परीक्षा झाली आणि संध्याकाळच्या फेरीला एक नवा पोरगा यायला लागला. केस नीट विंचरलेले, शर्ट खोचलेला, बोलणं म्हणजे नुसतं लोणी. "मामा, नमस्कार. मामा, दमलात का? मामा, चहा आणलाय, कमी साखरेचा." आता मला सांगा, इतक्या वर्षांत कोणी ड्रायव्हरला चहा आणला होता? मी विरघळलो. पहिल्याच आठवड्यात त्याने हळूच विचारलं, "मामा, त्या पुढे बसतात ना, त्या कुठे उतरतात?" मी मोठ्या खुशीत सांगितलं, "टाकीवर. तिथून डाव्या हाताची गल्ली, शेवटून दुसरं घर. का हो, काही विशेष?" तो लाजला. खरंच लाजला हो, कानापर्यंत लाल झाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्या दिवसापासून मी त्याला जावईबापू म्हणायला लागलो.

माझी संध्याकाळची फेरी सुटायची चार चाळीसला. तीच शेवटची. त्यानंतर त्या बाजूला बस नाही. टाकीवालीची प्रॅक्टिकल चारला संपायची. ती सव्वाचारलाच येऊन माझ्या पाठीमागच्या सीटवर बसून राहायची. आणि जावईबापूंचा तास संपायचा बरोबर चार चाळीसला, लांबच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे कितीही धावला तरी चार त्रेचाळीस. एकदा तो धापा टाकत आला तेव्हा मी म्हटलं, "अहो जावईबापू, हळू या. तुम्हाला सोडून जाऊ का मी? थांबतो की." तेव्हापासून जवळजवळ रोज थांबलो. कधी तीन मिनिटं, कधी चार.

उशीर झाला की फेरीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. मी लिहायचो, "एअर भरायला वेळ लागला." मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवेचा दाब भरल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, त्यामुळे या कारणाला वरचे साहेबही काही बोलू शकत नाहीत. आमच्या धंद्यातली जुनी सबब आहे ती. दाबाचा काटा केव्हाच वर गेलेला असायचा, मी मात्र स्टिअरिंगवर ताल धरून त्या इमारतीच्या जिन्याकडे बघत बसायचो.

तो चढला की मी ओरडायचो, "आले, आले! चला, आता गाडी सुटणार!" मागची पोरं शिट्ट्या मारायची. टाकीवाली खिडकीबाहेर बघायची. मी म्हणायचो, "अगं पुढे कशाला बसतेस, मागे जा की. मागे जागा आहे, सोबतही आहे." ती जागची हलायची नाही. वाटायचं, लाजते. तिची बडबड बंद झाली होती, रेडिओ लाव म्हणायची नाही. मला वाटायचं, प्रेमात पडली पोर. प्रेमात पडलेली मुलगी गप्प होते, हे मला कोणत्या शहाण्याने सांगितलं होतं देव जाणे, पण मला ते पक्कं ठाऊक होतं.

टाकीवर ती उतरायची. मागोमाग तोही उतरायचा. आणि मी, हा मूर्ख माणूस, खिडकीतून डोकं काढून ओरडायचो, "सांभाळून न्या हो जावईबापू!"

घरी जाऊन ते सगळं रंगवून सांगायचो. बायको कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवते. दिवसभर डोळ्यांत तेल घालून टाके बघायचे, मग संध्याकाळी तिला करमणूक लागते. ती विचारायची, "काय म्हणतात तुमचे जावई?" मी नकला करून दाखवायचो आणि ती हसायची. असे तीन महिने गेले.

मग एका दुपारी टाकीवाली चार वाजताच आली. बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला, चेहरा उतरलेला. बसमध्ये दुसरं कोणी नव्हतं. म्हणाली, "मामा, आज बस वेळेवर सोडाल का?"

मी म्हटलं, "का गं?"

"सोडा ना. चार चाळीसला. प्लीज."

मला हसू आलं. म्हटलं, "अस्सं! भांडण झालंय वाटतं? अगं, रुसवेफुगवे चालायचेच. त्यात मामाला कशाला ओढतेस?"

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिने. पण तेवढ्यात डॉक्टरमंडळी चढली आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी जावईबापूंना फारच उशीर झाला. मी सहा मिनिटं थांबलो. भांडण मिटवायचं पुण्य लागेल म्हणून थांबलो! आरशात पाहिलं तर ती डोळे मिटून बसली होती. कागदावर लिहिलं, "एअर भरायला वेळ लागला."

संध्याकाळी जेवताना बायकोला सांगितलं. म्हटलं, "आज दोघांचं वाजलंय. ती म्हणते बस वेळेवर सोडा. मी म्हणतो, तुझा मामा आहे का कोण आहे? थांबलो सहा मिनिटं!"

बायको हसली नाही. तिचा हात ताटातच राहिला. म्हणाली, "ती सोडा म्हणाली, आणि तुम्ही थांबलात?"

"अगं, पोरांची भांडणं—"

"तो पोरगा सकाळी कुठे चढतो?"

"कोण?"

"तुमचा जावई. संध्याकाळी टाकीवर उतरतो म्हणता. मग राहतही तिकडेच असेल. सकाळी कुठल्या थांब्यावर चढतो?"

मी तोंड उघडलं. उत्तर द्यायला उघडलं हो, कारण मला सगळ्यांचे थांबे पाठ. आणि काही आलंच नाही. सकाळची फेरी डोळ्यांसमोरून एकेक थांबा करत सरकवून पाहिली. टाकीवर ती चढते. पुलावर पूलवाली, दवाखान्यापाशी दोघे भाऊ. तो कुठेच नाही. तीन महिन्यांत तो सकाळच्या बसमध्ये एकदाही नव्हता. रोज जायचा, पण तिकडून कधी यायचाच नाही.

म्हणजे तो तिकडे राहतच नव्हता. तो फक्त तिच्या मागे उतरायला येत होता. मग परतीला बस नसताना कसा परत जायचा, कुठे जायचा, तोवर त्या गल्लीत काय करायचा, देव जाणे.

तरी जित्याची खोड, मी म्हटलं, "पण त्याने कधी हात लावलेला मी पाहिलं नाही. वावगा शब्द नाही. सालस आहे गं पोरगा."

बायकोने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "माझ्याही मागे होता एक. लग्नाआधी, पहिल्या कारखान्यात. गेटपासून घरापर्यंत, दहा पावलं मागे. त्यानेही हात लावला नाही. एक शब्द बोलला नाही. सात महिने. मी रस्ता बदलला की तोही बदलायचा. शेवटी मी ती नोकरी सोडली."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, 'वा! म्हणजे आमच्या बायकोवर लोक फिदा होते तर!' आणि चार जणांना सांगत सुटलात."

मला आठवत नाही. खरंच सांगतो, आठवत नाही. पण मी म्हटलंच असणार, वाक्य माझंच आहे. मला माझी स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त रागच आला, कोणावर काढावा ते कळेना असा.

दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो होतो, आज बरोबर चार चाळीसला सुटायचं. पण टाकीवाली आलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. जावईबापू मात्र तास बुडवून आधीच आले, बसमध्ये डोकावले, ती नाही बघून खाली उतरले आणि चालते झाले. चहाचा कप तसाच हातात. ते बघून तर उरलासुरला पडदाही उडाला.

चौथ्या दिवशी मी पूलवालीला विचारलं, कारण ती हिच्याच वर्गातली. ती पोरगी माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मी मान खाली घातली. म्हणाली, "मामा, तुम्ही विचारताय?" मग सांगितलं. टाकीवालीने तक्रार दिली होती, रोजच्या रोज लिहून ठेवलेली वही सोबत जोडून. तीन महिने तिला नव्यानव्या नंबरांवरून मेसेज यायचे. एक बंद केला की दुसरा. शिवी नाही, धमकी नाही. "आज निळा ड्रेस छान दिसत होता." "मावशी आज घरी नाहीत का?" "गल्लीतला दिवा गेलाय, जपून जात जा." शेवटचा आला तेव्हा ती तिच्या खोलीत होती, आणि त्यात लिहिलं होतं, "खिडकी लावून घे, गार वारा आहे." वडिलांना कळलं तसे ते आले. ते म्हणतात, पुरे झालं शिक्षण, घरी चल. शेवटची परीक्षा चार महिन्यांवर.

"आणि तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो म्हणतो, आमचं जमलेलं होतं, आता ती उलटली. आणि साक्षीदार कोण दिलाय माहितीये? तुम्ही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्यातली ही. फक्त बोंबेला भोंगा माझा होता.

त्याच दुपारी वाहतूक विभागाच्या साहेबांनी बोलावलं. साहेब तसे भले, पण फाइल जाड झालेली त्यांना सोसत नाही. म्हणाले, "त्या तक्रारीच्या समितीपुढे जायचंय तुम्हाला. दोन वाक्यं बोला. मी गाडी चालवतो, माझं लक्ष रस्त्यावर असतं, मला काही माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बस थांबवत होतात वगैरे काही बोलू नका. खोटी नोंद केली म्हणून तुमच्यावरच येईल. रिटायर व्हायला किती राहिली?"

"सहा वर्षं."

"मग? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. जिना उतरेपर्यंत पटलेलं होतं. मला काही माहीत नाही, एवढंच तर म्हणायचं. पण मग वाटलं, पोरीच्या बाजूने बोलणारं दुसरं आहे कोण? तिच्याकडे तिची वही, आणि कोणाचे ते सिद्ध न होणारे नंबर. त्याच्याकडे मी. मी गप्प बसलो तर माझं गप्प बसणंही त्याच्याच पारड्यात पडणार.

समितीत तिघं होती. केमिस्ट्रीच्या मॅडम अध्यक्ष, एक ऑफिसातले वयस्कर गृहस्थ आणि बाहेरून आलेल्या वकीलबाई. पोरगा एका बाजूला बसला होता, शर्ट खोचलेला, केस विंचरलेले. मला बघून उठला. "नमस्कार मामा." अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. टाकीवालीला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. टेबलावर तिची वही होती, साधी शंभर पानी, आणि प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, काय झालं ते.

वकीलबाई म्हणाल्या, "हे म्हणतात की दोघं रोज एकत्र बसने जायची. तुम्ही सगळ्यांसमोर यांना जावईबापू म्हणायचात. यांच्यासाठी बस थांबवायचात. मुलीने एकदाही नाही म्हटलं नाही. खरं आहे?"

"जावईबापू म्हणायचो, खरं. बस थांबवायचो, खरं," मी म्हटलं. पोरगा खुर्चीत सैल झाला. "पण ती नाही म्हणाली नाही, हे खोटं. ती म्हणाली होती. मला बस वेळेवर सोडा म्हणाली. मी उलट सहा मिनिटं थांबलो."

मॅडमनी विचारलं, "तीन महिन्यांत ती दोघं एकमेकांशी बोलताना तुम्ही पाहिलीत?"

आता मजा बघा. तीन महिने मी घरी जाऊन दोघांच्या नकला करायचो. पण मॅडमनी विचारलं तेव्हा कळलं, त्या नकलांमध्ये बोलायचो तो मीच. तिच्या तोंडी घातलेलं एकही वाक्य तिचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. ती माझ्या मागच्या सीटवर बसायची आणि मी तिला मागे त्याच्याकडे पाठवत होतो."

पोरगा म्हणाला, "मामा, असं काय बोलता? तुम्हीच तर तिचं घर दाखवलंत मला."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. लपवावं असं फार वाटलं. "हो," मी म्हटलं. "तेही मीच सांगितलं. गल्ली, घर, सगळं. आणि बाई, आणखी एक लिहून घ्या. हा पोरगा त्या बाजूला राहत नाही. सकाळच्या फेरीत तो तीन महिन्यांत एकदाही नव्हता. चार नंबरच्या बसमध्ये तो फक्त तिच्या मागे उतरायला चढायचा."

ऑफिसातल्या गृहस्थांनी त्याचा प्रवेशाचा अर्ज काढून पत्ता पाहिला. शहराच्या दुसऱ्या टोकाचा होता. पोरगा म्हणाला, "प्रेम करणं गुन्हा आहे का?" त्याला रडू येत होतं, आणि ते खोटं नव्हतं. तेच मला जास्त भयंकर वाटलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं. कसं कळणार? रोज त्याच्यासाठी बस थांबत होती, पोरं शिट्ट्या वाजवत होती.

वकीलबाईंनी फेरीचे कागद पुढे केले. "यात सगळीकडे एअर भरायला वेळ लागला असं लिहिलंय."

"खोटं आहे. काटा भरलेला असायचा. मी याची वाट बघत असायचो."

"किती दिवस?"

"मोजा तुम्ही. जितक्या ठिकाणी लिहिलंय तितके."

त्यांनी मोजले. अठ्ठावन्न निघाले. मग मॅडमनी टाकीवालीची वही ओढून तारखा लावून पाहिल्या. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न दिवशी तिच्या वहीत तो मागे आल्याची नोंद होती. ज्या चारपाच दिवशी साहेब फाटकापाशी उभे होते आणि मला नाइलाजाने वेळेवर सुटावं लागलं होतं, त्या दिवशी तिने एवढंच लिहिलं होतं, "आज बस वेळेवर सुटली." बाकी ओळ रिकामी.

मॅडमनी चष्मा काढला. मला म्हणाल्या, "तुमच्या लक्षात येतंय का, तिला रोज फक्त तीन मिनिटं हवी होती."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. निकाल तासाभराने लागला. पोरगा वर्षभरासाठी निलंबित, बसचा पास रद्द, तिच्याशी कुठल्याही मार्गाने संपर्क नाही, आणि मेसेजचं प्रकरण पुढे पोलिसांकडे. मला पंधरा दिवस घरी बसा, आणि माझ्या नोकरीच्या नोंदीवर लाल शेरा. साहेब माझ्याकडे न बघता निघून गेले.

तेवढ्यात टाकीवाली वडिलांबरोबर बाहेर आली. वडील छापखान्यात कामाला. नखांत शाई, हातात तिची बांधलेली बॅग. ते थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी हात जोडले. म्हणाले, "तुम्ही खरं बोललात म्हणून झालं. नोकरीची पर्वा केली नाहीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्यांना अर्धंच सांगितलेलं दिसत होतं.

"मी तर हिला घेऊन जायला आलो होतो," ते म्हणाले. "आता तुम्हीच सांगा. याच बसने पाठवू का हिला परत? तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही."

मी त्यांच्या हातातल्या बॅगेकडे बघत राहिलो.

टाकीवाली म्हणाली, "बाबा, त्यांना नका विचारू. मला विचारा."

ते गोंधळले. मग म्हणाले, "बरं. तुला विचारतो."

"मला परीक्षा द्यायचीय. इथेच."

वडिलांनी बॅग खाली ठेवली. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बाळा, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

नुसतं हो. असू दे मामा नाही, जाऊ दे नाही. मी वाट बघत राहिलो, कारण माणूस माफी मागतो तेव्हा पुढचं वाक्यही त्याला हवं असतं. ते आलं नाही. ती म्हणाली, "मामा, मला थट्टा नको. गप्पा नकोत. माझ्याकडे लक्षही ठेवू नका. बस फक्त वेळेवर सोडा."

घरी बायकोला सगळं सांगितलं, या वेळी नकला न करता. मग तिला म्हटलं, "तुझीही माफी मागायची राहिलीय माझ्याकडून." ती म्हणाली, "सव्वीस वर्षांनी?" आणि उठून आत गेली. आत बराच वेळ शिवणाचं यंत्र चालल्याचा आवाज येत राहिला. माफी काय, तीही काही लगेच मिळाली नाही.

पंधरा दिवसांनी मी परत बसवर गेलो. टाकीवाली सव्वाचारला आली, कानात काहीतरी घालून मधल्या सीटवर बसली. मी मान वर केली नाही. चार चाळीसला गिअर टाकला. जिन्यावरून कोणी येतंय का हे बघायची इतकी सवय की मानेला कळ लागली, पण बघितलं नाही.

टाकीवर ती उतरली आणि दोन पावलांवर थांबून वळली. दाराकडे बघत राहिली, मागून कोणी उतरतंय का. कोणी उतरणार नव्हतं. त्या थांब्यावर उतरणारी ती एकटीच आहे, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी बघत राहिली.

परीक्षा आता आठ दिवसांवर आलीय. ती उतरली की मी आधी दार बंद करतो, तिला दिसेल असं, आणि मगच गाडी हलवतो. ती बंद दार बघते, चालायला लागते, आणि टाकीच्या कोपऱ्यावर जाऊन पुन्हा एकदा वळून बघते.